घरच्या राऊटरवर व्हीपीएन : पुरवठादार निवडताना काय पाहावे?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचा धंदा आता इंटरनेटवाचून एक दिवसही चालत नाही, ही वस्तुस्थिती आहे. मंचरचा कापड दुकानदार सुरतेचे नमुने मोबाईलवर पाहून माल मागवतो. नारायणगावचा शिवणकाम करणारा कारागीर गिऱ्हाइकाचे माप व फोटो व्हॉट्सॲपवर घेतो. जीएसटीचे रिटर्न, बँकेचा भरणा, वाहतूकदाराची पावती, सारे काही संगणकावर. शिवाय घरात मुलांचा अभ्यास असतो, आणि एखाद्या घरात मुलगी किंवा सून घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करते. हा सगळा व्यवहार भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पेटीतून जातो. ती पेटी म्हणजे राऊटर.

या पेटीवर व्हीपीएन बसवा म्हणजे सारे घर सुरक्षित होईल, अशा जाहिराती सध्या जोरात आहेत. आमच्याकडेही अनेक बांधव विचारणा करतात की, कोणत्या कंपनीचे घ्यावे? आमचे उत्तर असे की, कंपनीचे नाव शेवटी येते. आधी वस्तू काय आहे, आपल्याला तिची गरज आहे काय, आणि पुरवठादाराला कोणत्या कसोटीवर घासावे, हे समजले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याचाच क्रमाने विचार करू.

वस्तू काय आहे?

आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. आपण ट्रान्सपोर्टने कापडाचा गठ्ठा पाठवतो तेव्हा बिल्टीवर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव असते. गठ्ठा शिवलेला असतो, म्हणून आत साडी आहे की शर्टिंग, हे ट्रान्सपोर्टवाल्याला दिसत नाही. परंतु माल कोणाकडून कोणाकडे चालला हे दिसते. इंटरनेटचेही तसेच आहे. आज बहुतेक संकेतस्थळे शिवलेल्या गठ्ठ्यासारखी आहेत. बँकेच्या संकेतस्थळावर आपण काय लिहिले हे इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीला वाचता येत नाही. आपण कोणत्या बँकेकडे गेलो, हे मात्र तिला कळते.

व्हीपीएनमध्ये हा गठ्ठा दुसऱ्या मोठ्या गठ्ठ्यात घालून परगावच्या एका अडत्याच्या नावाने पाठवला जातो. ट्रान्सपोर्टवाल्याला फक्त अडत्याचे नाव दिसते. अडत्या वरचे वेष्टण काढतो आणि आतला गठ्ठा स्वतःच्या नावाने पुढे रवाना करतो. माल घेणाऱ्यालाही अडत्याचाच पत्ता दिसतो, आपला नाही.

यातून एक गोष्ट उघड होते, आणि जाहिरातीत नेमकी तीच सांगत नाहीत. ट्रान्सपोर्टवाल्यापासून जे लपले ते अडत्याला दिसते. म्हणजे विश्वास ठेवण्याची गरज संपली नाही. तो एकावरून काढून दुसऱ्यावर ठेवला, इतकेच. म्हणून व्हीपीएनचा पुरवठादार निवडणे हे अडत्या निवडण्याइतकेच जोखमीचे काम आहे. त्यातही मोबाईलवर व्हीपीएन घातले तर एकट्या मोबाईलचा माल त्याच्याकडे जातो. राऊटरवर घातले तर घरातील संगणक, टीव्ही, कॅमेरा, मुलांचे फोन, पाहुण्यांचे फोन, सर्वांचा माल त्याच एका अडत्याच्या हाती जातो.

खरोखर गरज आहे काय?

व्यापाऱ्याने माल घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. आमच्या भागात लोकांचे पैसे जातात ते कोणी इंटरनेटची वायर कापून ऐकतो म्हणून नव्हे. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडली, बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्याला ओटीपी दिला, खोट्या पोलिसाच्या व्हिडिओ कॉलला घाबरून पैसे पाठवले, अशा मार्गांनी ते जातात. व्हीपीएन यांपैकी एकही दगा थांबवत नाही. विषारी फाइल व्हीपीएनच्या बोगद्यातूनही तितक्याच सुखाने घरात येते. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हे येथे पुन्हा सांगून ठेवतो. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी बिनखर्चाची कामे करावीत. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. वायफायचा पासवर्ड लांब ठेवावा. राऊटरचे नवे सॉफ्टवेअर आले असल्यास चढवावे. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय द्यावे. ज्याने ही चार कामे केली नाहीत त्याने व्हीपीएन घेणे म्हणजे दुकानाचे शटर उघडे टाकून गल्ल्याला महागडे कुलूप लावणे होय.

मग व्हीपीएन कोणाला हवे? आपण कोणकोणत्या ठिकाणी जातो याची नोंद जोडणी देणाऱ्या कंपनीकडे राहू नये असे ज्याला वाटते त्याला. ज्या स्थानिक केबलवाल्याच्या जोडणीवर भरवसा नाही अशी जोडणी वापरणाऱ्याला. आणि घरातल्या प्रत्येक यंत्रावर वेगवेगळे ॲप घालण्याची दगदग ज्याला नको आहे त्याला. नोकरी करणाऱ्या मुलीला तिची कंपनी स्वतःचे व्हीपीएन देते. त्यासाठी घरी वेगळे विकत घेण्याचे कारण नाही. उलट एका बोगद्यात दुसरा बोगदा घातला की काम मंदावते.

एका नावाच्या दोन वस्तू

येथे एक मोठा घोटाळा होतो. पुष्कळ व्यापाऱ्यांना हवे असते ते हे की, नारायणगावच्या दुकानातील हिशोबाचा संगणक किंवा कॅमेरा घोडेगावच्या घरी बसून पाहता यावा. यालाही व्हीपीएनच म्हणतात. परंतु यात परगावचा अडत्या लागत नाही. दुकान आणि घर यांच्यामध्ये आपली स्वतःची खासगी वाट बांधायची असते. दुकानातील राऊटरवर व्हीपीएनचा 'सर्व्हर' चालू करतात आणि घरून त्याला जोडतात. जाहिरातीतले मासिक वर्गणीचे व्हीपीएन साधारणपणे या कामाचे नाही. दुकानदाराने हे न विचारता वर्षाची वर्गणी भरली तर पैसे वाया जातात.

यातही एक अडचण आहे. अनेक कंपन्या आता एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. अशा जोडणीवर बाहेरून आपल्या दुकानापर्यंत पोहोचता येत नाही. तेव्हा कंपनीकडून कायमचा स्वतंत्र पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, घ्यावा लागतो. किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी लागते, जी दोन्ही टोकांकडून बाहेर पडून मध्ये गाठ घालून देते. राऊटरमध्ये सरळ भोक पाडून कॅमेऱ्याची पेटी इंटरनेटवर उघडी ठेवू नये. सन २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरातील अशाच उघड्या कॅमेऱ्यांचा व रेकॉर्डर पेट्यांचा ताबा घेतला होता. बहुतेकांचे पासवर्ड कारखान्यातले तसेच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली, आणि ज्यांच्या पेट्या त्यात वापरल्या गेल्या त्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

कायदा काय म्हणतो?

भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. अर्थात त्याआड केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो. पुरवठादारांवर मात्र बंधने आहेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब खाली निर्देश काढले. त्यानुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, सेवा घेतल्याचा काळ व हेतू, त्याला दिलेले आयपी पत्ते, ही माहिती सेवा संपल्यानंतरही किमान पाच वर्षे जपून ठेवायची आहे. ग्राहकांच्या पडताळणीसाठी पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे अंतर्गत व्हीपीएन चालवतात त्यांना हा नियम लागू नाही, असा खुलासा मे २०२२ मध्ये झाला. म्हणजे दुकान ते घर ही आपली खासगी वाट यात येत नाही.

या निर्देशानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी जून २०२२ मध्ये भारतातील आपली यंत्रे काढून घेण्याचा निर्णय घेतला. प्रोटॉनव्हीपीएननेही त्याच वर्षी तसेच केले. त्यांच्या यादीत 'भारत' हे नाव दिसते, परंतु यंत्र सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणी असते. पत्ता तेवढा भारतीय दिसतो. म्हणून यादीत देशाचे नाव पाहून थांबू नये. यंत्र प्रत्यक्ष कोठे आहे, हे विचारावे. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ४००० किलोमीटर आहे. आपला गठ्ठा तेथे जाऊन पुन्हा मुंबईला यायचा असेल तर वेळ लागणारच.

पुरवठादाराच्या सात कसोट्या

१. फुकट आहे काय? फुकट अडत्याचे पोट कशावर भरते, हे आधी पाहावे. होला ही फुकट सेवा आपल्या वापरकर्त्यांच्याच जोडण्या दुसऱ्यांना भाड्याने देत होती, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ओनाव्हो हे ॲप रक्षणाच्या नावाखाली लोक कोणती ॲप वापरतात याची माहिती गोळा करीत होते. त्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. काही चांगल्या कंपन्या पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर मर्यादित फुकट सेवा देतात. परंतु सारे घर फुकट सेवेवर टाकू नये.

२. वही ठेवतो काय? जवळजवळ प्रत्येक कंपनी सांगते की, आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही. जुन्नरकरांना नोंदीचे महत्त्व शिकवण्याची गरज नाही. येथील कागदी लोकांनी बनवलेला हातकागद एकेकाळी दप्तरांसाठी नावाजलेला होता, आणि पेशवाईतील कागद आजही पुण्याच्या दप्तरखान्यात वाचता येतात. नोंद एकदा झाली की ती मालकापेक्षा जास्त जगते. म्हणून पाटीवर काय लिहिले आहे याहून प्रसंगी काय घडले हे पाहावे. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका छळाच्या खटल्यात 'नोंद ठेवत नाही' म्हणणाऱ्या प्युअरव्हीपीएनच्या नोंदींवरून आरोपीचा माग लागला. गुन्हेगार सापडला हे चांगलेच झाले. पण पाटी आणि वही यांत फरक होता, हेही सिद्ध झाले. जुलै २०२० मध्ये यूएफओ व्हीपीएन या सेवेची नोंदवही तर इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. याउलट १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनचे पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन मलव्हाड या कंपनीत गेले, आणि ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्याने रिकाम्या हातांनी परतले. अशा प्रसंगांना आम्ही जाहिरातीहून जास्त वजन देतो.

३. तपासणी झाली आहे काय? बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतलेली असावी. तिची तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि तपासणीचा आवाका पाहावा. एका दिवशी मोजलेला स्टॉक वर्षभराची हमी देत नाही. म्हणून तपासणी दरवर्षी होते काय, हेही पाहावे.

४. मालक कोण? केप टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीकडे सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ पासून एक्सप्रेसव्हीपीएन अशी अनेक नावे आहेत. पाट्या तीन, पेढी एक. यात बेकायदेशीर काही नाही; पण तीन ठिकाणी भाव विचारून आपण तुलना केली असे समजू नये.

५. राऊटरसाठी फाइल देतो काय? ही कसोटी आमच्या विषयात सर्वांत महत्त्वाची. अनेक कंपन्या फक्त मोबाईल व संगणकाचे ॲप देतात. आपल्याला ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड या पद्धतीची फाइल उतरवून घेऊन राऊटरमध्ये भरता आली पाहिजे. बहुतेक ठिकाणी राऊटर एकच यंत्र म्हणून मोजला जातो, हा फायदा आहे. पीपीटीपी ही जुनी पद्धत कोणी देऊ केली तर घेऊ नये. तिचे कुलूप २०१२ मध्येच पूर्णपणे फोडून दाखवले गेले आहे.

६. पद्धत पुढे चालेल काय? मलव्हाडने २०२४ मध्ये जाहीर केले की, जानेवारी २०२६ पासून ओपनव्हीपीएन बंद होईल व फक्त वायरगार्ड राहील. ज्याचा राऊटर फक्त ओपनव्हीपीएन जाणतो त्याला अशा कंपनीचा उपयोग नाही. राऊटर आणि पुरवठादार ही जोडी एकत्रच पाहावी.

७. भाव कसा आहे? पहिल्या दोन वर्षांचा भाव अगदी कमी आणि नूतनीकरणाचा दुप्पट-तिप्पट, ही रीत या धंद्यात सर्रास आहे. नूतनीकरणाचा भाव आधी वाचावा. एकदा मंजुरी दिल्यावर १५,००० रुपयांपर्यंतची नियतकालिक रक्कम प्रत्येक वेळी ओटीपी न मागता कार्डातून जाऊ शकते. बँकेकडून २४ तास आधी सूचना येते, तीकडे लक्ष ठेवावे. 'जन्मभराची' वर्गणी घेऊ नये. व्हीपीएनसिक्युअर ही कंपनी नव्या मालकांनी घेतली आणि जुन्या ग्राहकांच्या जन्मभराच्या वर्गण्या २०२५ मध्ये रद्द केल्या. आधी एक महिना घ्यावे, समाधान झाल्यावर वर्ष.

राऊटरची लायकी

इंटरनेट कंपनीने दिलेल्या पेटीत बहुधा ही सोय नसते. तिच्यामागे आपला दुसरा राऊटर जोडावा लागतो. तो घेताना दुकानदार 'व्हीपीएन आहे' असे म्हणाला तर विचारावे, 'सर्व्हर' की 'क्लायंट'? परगावच्या अडत्याशी जोडण्यासाठी क्लायंट लागतो, आणि स्वस्त राऊटरमध्ये पुष्कळदा फक्त सर्व्हर असतो.

दुसरी गोष्ट वेगाची. गठ्ठा शिवण्याचे व उसवण्याचे काम राऊटरच्या लहानशा मेंदूला करावे लागते. १०० एमबीपीएसची जोडणी साध्या राऊटरवर ओपनव्हीपीएनमधून विसाच्या आसपास उतरली तर नवल मानू नये. वायरगार्ड हलके आहे. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले असून त्याच राऊटरवर साधारणपणे बरेच जास्त वेगाने चालते. नवा राऊटर घ्यायचाच असेल तर वायरगार्ड क्लायंट असलेला घ्यावा.

तिसरी गोष्ट निवडीची. चांगल्या राऊटरवर कोणते यंत्र बोगद्यातून जाईल आणि कोणते सरळ, हे ठरवता येते. बँक, जीएसटी, यूपीआय यांचा संगणक व फोन सरळच ठेवावेत. आज मंचर, उद्या सिंगापूर, परवा लंडन असा पत्ता दिसला की बँकेला संशय येतो आणि खाते अडकते. सरकारी संकेतस्थळेही परदेशी पत्त्याला पुष्कळदा दार उघडत नाहीत. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला ही अडचण उभी राहणे कोणालाच परवडणारे नाही.

चौथी गोष्ट विजेची. आमच्या भागात वीज जाते, येते. बोगदा तुटल्यावर माल उघड्यावर न जाता थांबावा, या सोयीला 'किल स्विच' म्हणतात, ती असावी. परंतु अनेक राऊटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर ते वेळ इंटरनेटवरून घेतात. वेळ चुकीची असेल तर बोगदा जुळत नाही, आणि बोगदा नसल्याने वेळ मिळत नाही, असा पेच पडतो. म्हणून वेळ विचारण्याची वाट बोगद्याबाहेर मोकळी ठेवावी, आणि राऊटरला लहानसा बॅकअप द्यावा.

घेतल्यावर तपासावे

पैसे परत मिळण्याची मुदत संपण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात. एक, पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आपला पत्ता बदललेला दिसतो काय. दोन, डीएनएसची चाचणी. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. गठ्ठा अडत्याकडे जातो, पण पत्ता विचारायला आपण जुन्याच ट्रान्सपोर्टवाल्याकडे जात असू, तर लपवलेले सारे उघडे पडते. तीन, रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे गर्दीच्या वेळी, वेग. चार, राऊटरची वीज मुद्दाम बंद करून पुन्हा चालू केल्यास बोगदा आपोआप उभा राहतो काय. पाच, काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात काय. तसे होत असेल तर दुहेरी वेष्टणाने गठ्ठा दारातून मावेनासा झाला असे समजावे, आणि एमटीयू हा आकडा १४२० वरून १४०० किंवा थोडा खाली आणावा. यांपैकी दोन-तीन गोष्टी पुरवठादाराच्या मदत विभागाला लिहून विचाराव्यात. नेमके उत्तर येते की ठोकळेबाज, यावरूनही अडत्याची पारख होते.

तेव्हा हिशोब असा मांडावा. दुकान घरून पाहायचे असेल तर विकतचे व्हीपीएन नको, खासगी वाट हवी. फसवणुकीची भीती असेल तर व्हीपीएन नको, सावधगिरी हवी. जोडणी देणाऱ्याच्या नजरेपासून घर आडोशाला ठेवायचे असेल तरच पुरवठादार शोधावा, आणि मग वरील सात कसोट्या लावाव्यात. आमच्या धंद्यात नव्या अडत्याला पहिल्याच दिवशी पन्नास गाठी कोणी सोपवत नाही. एक गाठ पाठवतात, हिशोब वेळेवर येतो काय ते पाहतात, मग पुढची. येथे तर गाठीत आपल्या लेकराबाळांचा, गिऱ्हाइकांचा आणि पेढीचा सारा व्यवहार असतो. सोपवताना तेवढाच विचार व्हावा, इतकेच आमचे सांगणे आहे.